पडवीतला पिंजरा

घरात पोपट पाळणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. पिंजऱ्यावर दिवा कुठला लावायचा? साधा एलईडी चालेल की 'फुल स्पेक्ट्रम' हवा? यूव्हीवाली ट्यूब खरंच लागते, की ते दुकानदाराने काढलेलं खूळ आहे? माझ्याकडे पक्षी नाही. पण हापिसात निम्म्या टीमकडे आहेत, कुणाकडे लव्हबर्ड, कुणाकडे कॉकाटिएल. चहाच्या टेबलावर हा विषय इतक्यांदा ऐकला, की शेवटी दोन वीकांत त्यातच घालवले.

आणि गंमत म्हणजे, शोधत गेलो तसं लक्षात आलं की हा प्रश्न फारच नवा आहे. आपल्याकडे पोपट पाळण्याला दोन हजार वर्षं तरी झाली असतील. त्यातली जवळजवळ सगळी वर्षं हा प्रश्न कुणालाही पडला नाही. पूर्वीचे लोक पक्ष्यांची फार काळजी घ्यायचे असं काही नाही. मग का नाही पडला? मला दिव्यांच्या किंमतींपेक्षा हे कोडं जास्त आवडलं. तर आजचा लेख त्यावर.

सुरुवात थेट कामसूत्रापासून करतो. (दचकू नका, भाग सभ्य आहे.) पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांपैकी एक. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच ग्रंथात शहरी, खात्यापित्या नागरकाची खोली कशी असावी याचंही बारीक वर्णन आहे. बिछाना कुठे, वीणा कुठे टांगायची, चौपटाचा पट कुठे, वगैरे. हे सगळं खोलीच्या आत. पाळीव पक्ष्यांचे पिंजरे मात्र खोलीच्या बाहेर टांगायला सांगितलेत. बाहेर! आजचा इंटिरिअरवाला पिंजऱ्याला जागा देईल ती सोफ्याशेजारी, टीव्हीच्या बाजूला. त्या 'बाहेर' या शब्दात आपल्या कोड्याचं निम्मं उत्तर आहे.

उरलेलं उत्तर माझ्या आजोळी आहे.

आजोळ तारकर्लीचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पर्यटकांना तारकर्ली म्हटलं की स्कूबा डायव्हिंग आणि होमस्टे आठवतात. मला आठवतं मामाचं जुनं कौलारू घर. पुढे शेणाने सारवलेलं खळं, मग पडवी, मग ओटी आणि आत माजघर. माजघरात भर दुपारी काळोख असायचा, म्हणून कौलांमध्ये एकच काचेचं कौल बसवलेलं. त्यातून पडणारा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. आम्ही पोरं तो कुठपर्यंत आला यावरून जेवायची वेळ ओळखायचो.

पडवीच्या वाशाला एक गंजका लोखंडी आकडा आहे. त्याला मी कधीच काही टांगलेलं पाहिलं नाही. मामा सांगतो की त्याच्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, तिथे राघूचा पिंजरा असायचा. तेव्हा गावात अशी बरीच घरं होती. (आता नाहीत, आणि कायद्याने असूही नयेत. त्याबद्दल शेवटी लिहितो.) दिवसभर पिंजरा पडवीत. संध्याकाळी मांजराच्या भीतीने आत. आणि दिवेलागणीला आजीची हाक ठरलेली, "रे, तिन्हीसांज झाली, पिंजऱ्यार फडको घाल!"

आता जरा शाळेतलं भौतिकशास्त्र. आकाश निळं का दिसतं? हवेचे रेणू लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून. अतिनील किरण निळ्याहूनही लहान तरंगलांबीचे, त्यामुळे ते त्याहून जास्त विखुरतात. म्हणजे जमिनीवर जो यूव्ही-बी पोचतो, त्याचा मोठा हिस्सा थेट सूर्याकडून येत नाही, तो सगळ्या आकाशातून झिरपत येतो. पडवी म्हणजे वर छप्पर, पाठीला भिंत आणि समोर मोकळं आकाश. तिथे टांगलेल्या पक्ष्याला दुपारच्या उन्हाचा चटका बसत नाही, पण आकाशातून येणारा यूव्ही मिळतो. शिवाय सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, खाडीवरचं वारं, आणि अंधार पडला की फडकं. हे काही कुणी ठरवून केलं नव्हतं. पिंजरा तिथे टांगायचा कारण घाण खळ्यात झाडता येते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पोपटाचं बोलणं ऐकू येतं. बस्स.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. जुन्या कोडमध्ये एखादी ओळ असते. कशासाठी आहे ते कुठेही लिहिलेलं नसतं. कुणीतरी उत्साहाने साफसफाई करतो, ती ओळ उडवतो, सगळं व्यवस्थित चालतं. आणि तीन महिन्यांनी भलत्याच ठिकाणी काहीतरी कोसळतं. पडवी ही पोपटाच्या आयुष्यातली अशी ओळ होती. आपण फ्लॅटमध्ये आलो आणि ती उडवली.

काय कोसळलं, हे समजायला पक्ष्यांकडून थोडं माणसांकडे वळावं लागेल. कारण ऊन आणि हाडं यांचा संबंध आधी माणसाच्या पोरांवरून कळला. १८९० साली थिओबाल्ड पाम या ब्रिटिश डॉक्टरने जगभरच्या मिशनऱ्यांकडून माहिती गोळा करून लिहिलं की मुडदूस हा रोग धुराने काळवंडलेल्या, उन्हाला पारख्या झालेल्या शहरांत होतो, उन्हाच्या देशांत फारसा दिसत नाही. कुणी विशेष लक्ष दिलं नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली बसवलं आणि त्यांची हाडं सुधारली. एकाच हातावर किरण सोडले तरी दुसऱ्या हाताचं हाडही भरून आलं! म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे फिरत होतं. आज आपण त्याला ड जीवनसत्त्व म्हणतो.

आणि मग येतं नाशिक. हो, आपलं नाशिक. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोघांनी नाशिकमधल्या पाहणीवर आधारलेला एक लेख इंग्लंडच्या 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. प्रश्न असा होता की इतकं ऊन असलेल्या गावात मुडदूस आणि मोठेपणी होणारा हाडांचा मऊपणा मुळात दिसतोच कसा? उत्तर अंगावर काटा आणणारं आहे. उन्हात राबणाऱ्या गरीब कुटुंबांत, जिथे खाण्याचे हाल होते, हा रोग फारसा नव्हता. तो होता बऱ्या स्थितीतल्या, पडदा पाळणाऱ्या घरांत. चांगलं खाणंपिणं असलेल्या पण घराबाहेर न पडणाऱ्या मुली-बायकांमध्ये, आणि त्यांच्यासोबत आतच वाढणाऱ्या तान्ह्या मुलांमध्ये. बाहेर ऊन रणरणतंय, आणि भिंतीच्या आत हाडं मऊ पडताहेत.

हे वाचलं आणि मला ते माजघरातलं काचेचं कौल आठवलं. काच दिसणारा प्रकाश आत सोडते, पण साध्या काचेतून ३१५ नॅनोमीटरच्या खालचा यूव्ही-बी जवळजवळ येतच नाही. नेमका तोच ड जीवनसत्त्वाला लागतो. म्हणजे कवडशात बसून पोथी वाचता येईल, तांदूळ निवडता येतील, पण हाडांच्या हिशोबाने माजघर ते माजघरच. आपल्या बंद काचेच्या स्लायडिंग खिडकीचंही तेच. "आमच्या हॉलमध्ये मस्त ऊन येतं" हे वाक्य डोळ्यांपुरतं खरं असतं.

पक्ष्यांची पाळी लगेचच आली. त्याच दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांना दिसलं की बंद जागेत वाढवलेल्या कोंबडीच्या पिलांचे पाय लुळे पडतात, आणि ऊन किंवा यूव्ही दिवा मिळाला की ती सावरतात. पिसांखाली झाकलेल्या पक्ष्याला ऊन लागतं कुठून? जुना समज असा की शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल पक्षी पिसांना लावतो, त्यावर ऊन पडतं, आणि पिसं साफ करताना ते पोटात जातं. ही कल्पना अजून सगळीकडे छापली जाते. पण अ‍ॅमेझॉन जातीच्या पोपटांना ही ग्रंथीच नसते. कोंबड्यांवरच्या प्रयोगांत तर दिसलं की ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल पिसांखालच्या कातडीपेक्षा पायांच्या उघड्या कातडीत कितीतरी जास्त असतो. थोडक्यात, पोपटाला पाय उन्हात सोडून बसायला जागा हवी.

सगळ्या जातींना सारखीच गरज असते असं मात्र नाही. आफ्रिकन ग्रे पोपटांत रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येण्याचा त्रास प्रसिद्ध आहे. मायकेल स्टॅनफर्ड या ब्रिटिश पशुवैद्याने साधारण २००६च्या सुमारास दाखवलं की यूव्ही-बी दिव्याने त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम सुधारतं. दक्षिण अमेरिकेतल्या पायोनस पोपटांवर तोच दिवा लावला, तर फारसा फरक नाही. त्यामुळे "सगळ्या पोपटांना यूव्ही लागतोच" आणि "सगळं थोतांड आहे" ही दोन्ही टोकं चूक. मात्र नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पक्षी जगवत असाल तर धोका दुप्पट, कारण बियांत कॅल्शियमही कमी आणि ड जीवनसत्त्वही जवळपास नाही.

आता दिव्यांचा इतिहास. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ साली पूर्ण झाली आणि १८८२ साली तिथे विजेचे दिवे लागले. देशात विजेने उजळलेली ती पहिली इमारत असं सांगतात. आणि याच मार्केटात पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातले पक्षी विकले गेले! विजेचा दिवा आणि पिंजऱ्यातला पक्षी यांची इतकी जुनी गाठ दुसरीकडे कुठे पडली असेल असं वाटत नाही. तारकर्लीसारख्या गावात मात्र तेव्हा उंडीच्या तेलाचा दिवा होता, मग रॉकेलचा कंदील आला, आणि वीज यायला पुढचं शतक अर्धंअधिक सरावं लागलं.

उंडीच्या तेलापासून एलईडीपर्यंत हे सगळे दिवे एका बाबतीत भाऊ-भाऊ आहेत. ते माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले आहेत. ट्यूबलाईटची तर मजाच आहे. तिच्या आत पाऱ्याची वाफ मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा यूव्हीच सोडते. नळीच्या आतली पांढरी पूड तो शोषून दिसणारा प्रकाश देते, आणि जो काही उरतो तो काच अडवते. पक्ष्यांसाठी आणि सरड्यांसाठी मिळणारी यूव्ही-बी ट्यूब म्हणजे हीच वस्तू, फक्त पूड वेगळी आणि काच यूव्ही सोडणारी. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या प्रकाशाची चिप आणि त्यावर पिवळा लेप. त्यात यूव्ही जवळपास नसतोच. वीज वाचते, उत्तम, पण पोपटाच्या दृष्टीने तो आणखी अपुरा दिवा.

"दृष्टीने" हा शब्द इथे शब्दशः घ्या. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, म्हणून मॉनिटरला लाल-हिरवा-निळा पुरतो. पोपटाच्या डोळ्यात चार प्रकारच्या, आणि चौथा प्रकार यूव्ही पाहतो. २००२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका प्रयोगात दिसलं की बजरीगरच्या डोक्यावरची पिवळी पिसं यूव्ही शोषून चमकतात आणि जोडीदार निवडताना त्या चमकेला भाव असतो. म्हणजे एलईडीखाली बसलेली तुमची बजरीगरची जोडी एकमेकांना एक रंग वजा करून पाहते आहे.

इथपर्यंतची गोष्ट पैसे टाकून सुटण्यासारखी आहे. पुढची नाही.

१९२०च्या दशकात कॅनडात एडमंटनच्या भयानक थंडीत विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकाने रानचिमण्यांसारख्या जंको पक्ष्यांचे पिंजरे बाहेर ठेवले आणि संध्याकाळी विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढवला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पण पक्ष्यांच्या शरीरात वसंत सुरू! त्यांची जननेंद्रियं विणीच्या हंगामासारखी वाढली. पक्षी कॅलेंडर वाचतो ते दिवसाच्या लांबीवरून, थंडी-उकाड्यावरून नव्हे, हे त्यातून दिसलं.

आता हे तारकर्लीला लावून बघू. साधारण १६ अक्षांशावर हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला सगळ्यात मोठा सुमारे १३ तासांचा. वर्षभरात फरक दोन तासांचा. पडवीतल्या राघूच्या घड्याळाला एवढाच बदल माहीत होता, आणि दिवेलागणीचं फडकं ते घड्याळ पाळत होतं. आता आपला हॉल. सकाळी साडेसहाला लाईट, रात्री साडेबाराला शेवटचा टीव्ही बंद. झाले १८ तास. एवढा मोठा दिवस बघायला स्टॉकहोमला जावं लागतं, तेही जूनमध्ये. आपला पक्षी तिथे वर्षभर राहतो. मादी नर नसताना अंडी घालत सुटते, कॅल्शियम संपवते. पक्षी चिडका होतो, काही स्वतःची पिसं उपटतात. पिसं उपटायला इतरही कारणं असतात हे खरं, पण झोप हे तपासायला सगळ्यात सोपं कारण आहे. आणि आपण धावतो कुठे? आणखी एक दिवा आणायला.

जाता जाता: जुन्या चोकच्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि पोपटांना ते दिसून त्रास होतो असं बरेचदा वाचायला मिळतं. काही पक्ष्यांना एवढं वेगवान लुकलुकणं दिसतं हे खरं, पण बजरीगरवरच्या प्रयोगांत त्यांची मर्यादा १००च्या खाली निघाली. तेव्हा त्याची फार धास्ती नको. फडफडणारी मरायला टेकलेली ट्यूब मात्र बदला, निदान स्वतःच्या डोळ्यांसाठी.

आता कायदा, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हिरवा राघू, म्हणजे आपला देशी पोपट, घरात पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर (१ एप्रिल २०२३पासून) राघू त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. ढोलीतून काढलेली पिलं अजूनही रस्त्यावर विकायला येतात आणि घरी पोचेपर्यंत त्यातली बरीच मरतात. त्याच्यासाठी योग्य दिवा एकच, आणि तो रोज पूर्वेला उगवतो. परदेशी जातींचं वेगळं. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुआ वगैरेंची २०२४च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आणि ज्यांच्या घरी असा परदेशी पक्षी आधीच आहे, त्यांनी काय करायचं? माझं उत्तर: आधी पडवी शोधा, मग दिवा. जाळी लावलेली बाल्कनी म्हणजे बाराव्या मजल्यावरची पडवीच. काच पूर्ण उघडी, अर्धा पिंजरा सावलीत, पाणी भरलेलं, आणि तुम्ही जवळ. घार आणि मांजर दोघांनाही सुट्टी नसते. पक्षी चोच उघडून धापा टाकायला लागला की लगेच आत. 'कोवळं ऊन' मनाला छान, पण त्यात यूव्ही-बी फार कमी. साधा नियम असा की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते तेव्हा यूव्ही-बी भरपूर असतो. आपल्या अक्षांशावर तशी वेळ डिसेंबरच्या दुपारीही येते. आठवड्यातून तीन-चार वेळा वीस-तीस मिनिटं, ही चांगली सुरुवात आहे.

बाल्कनी नसेलच, तर यूव्ही-बी ट्यूब घ्या. खोक्यावरच्या 'फुल स्पेक्ट्रम' या शब्दांना ठरलेली व्याख्या नाही, यूव्ही-बी किती ते छापलंय का बघा. ट्यूब वरून लावा, बाजूने डोळ्यात येईल अशी नको, आणि कंपनीने सांगितलेलं अंतर पाळा. पिंजऱ्याचा एक कोपरा सावलीत ठेवा. साधारण वर्षाने ती बदला, कारण प्रकाश दिसत राहतो पण यूव्ही आटतो. कोविडच्या काळात खपलेले जंतुनाशक यूव्ही-सी दिवे चुकूनही लावू नका, ते पक्ष्याचे आणि तुमचेही डोळे जाळतील. ड जीवनसत्त्वाचे थेंब पशुवैद्याला विचारल्याशिवाय नकोत, कारण त्याचा जास्त डोस विषारी असतो.

हे झालं उजेडाचं. अंधार मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्याला दहा-बारा तास शांत काळोख द्यायचा म्हणजे आपली मॅच, आपली वेबसिरीज, रात्री दहाचा अमेरिकेचा कॉल दुसऱ्या खोलीत न्यायचा, किंवा त्याचा पिंजरा न्यायचा. वर सुती फडकं, हवा खेळती राहील असं. पोपटासाठी एवढं करणं जमणार नसेल तर पोपट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

करून बघायचं असेल तर आजच बघा. साडेसातला दिवे घालवा आणि पाच-दहा मिनिटं आवाज न करता थांबा. चुळबुळ थांबते. चोच घासल्याचा बारीक कर्र-कर्र आवाज येतो. मग तो अंग फुलवतो, एक पाय पोटाशी घेतो, मान वळवून पाठीत खुपसतो आणि झोपतो.